लख्ख पुसलेली नळी

२०१८ साल. प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल बंद झालं ते वर्ष. करावे गावात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, यंदा गणपतीचं मखर कशाचं करायचं? गोजराच्या घरात मात्र तो प्रश्न कुणी काढत नव्हतं. त्या घरात सगळ्यांचे कान एका सात वर्षांच्या पोरीच्या श्वासाकडे लागलेले होते.

ती पोर म्हणजे गोजराची नात, भाविका. दिवसा बघावं तर ठणठणीत. गल्लीत लंगडी घालायची, भाडेकरूंच्या जिन्यावरून एक पायरी सोडून उड्या मारत उतरायची, आजोबांशी वाद घालायची. पण रात्री सगळीकडे सामसूम झालं की खोकला सुरू. आधी कोरडा, ठसका लागल्यासारखा, मग छातीतून बारीक शिट्टी. पोर उठून बसायची, उशी पोटाशी धरायची आणि खांदे वर ओढून श्वास घ्यायची. रडायचीसुद्धा नाही, कारण रडायलाही श्वास लागतो.

भाविका आजीजवळ निजायची, त्यामुळे ती शिट्टी सगळ्यांत आधी गोजराला ऐकू यायची. तिची झोप लग्नापासूनच जागी. नवरा कमळाकर तेव्हा खाडीत मासेमारीला जायचा. भरती रात्रीची असली की रात्री जायचा. गावात घरोघरी वीज यायची होती. होडीवर एकच कंदील असायचा, आणि सासूनं नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "काच काळी ऱ्हायली तं मानूस चिखलात शिरंल, ध्यानात ठेव."

गोजरानं ते असं ध्यानात ठेवलं की विचारू नका. रोज तिन्हीसांजेला काच राखेनं घासायची, धुवायची आणि मऊ फडक्यानं आतून-बाहेरून पुसत राहायची. मध्ये काच आहे की नुसती हवा आहे ते कळू नये इतकी. कमळाकर सोबत्यांना म्हणायचा, "आमच्या होडीवर दोन चंद्र असतात. येक वरचा, येक गोजराचा." एरवी बायकोच्या हातच्या कालवणालाही चांगलं न म्हणणारा माणूस; म्हणून ते वाक्य तिनं दागिन्यासारखं जपलं. पुढे वीज आली, होडी विकली, जुन्या घरावर दोन मजले चढले, त्यात भाडेकरू आले. कंदिलाची ती काच मात्र कपाटात, साडीच्या घडीत गुंडाळून ठेवलेली होती.

भाविकाचा खोकला थंडीत सुरू झाला आणि उन्हाळा आला तरी हटेना, तेव्हा सून स्नेहल तिला वाशीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर वैजयंतींनी छाती तपासली, बरंच विचारलं आणि सांगितलं, हा बालदमा आहे.

त्या संध्याकाळी घरात आधी भांडण झालं ते दमा कुणाच्या बाजूनं आला यावर.

"आमच्या घरान्यात कोनाला नाय," गोजरा म्हणाली.

"आमच्या तळवलीतपण कुणाला नाहीय हं, आई," स्नेहल म्हणाली. तळवली तिचं माहेर.

हरेश, म्हणजे गोजराचा मुलगा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद करून नुकताच आला होता. चप्पल काढता काढता म्हणाला, "मग काय कुरिअरनं आला?"

गोजराचं खरं दुखणं दमा नव्हतंच, पंप होता. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते आणि त्यातला एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा होता.

"येकदा पंप लागला का सुटत नाय," ती म्हणाली. "पोरीची जात हाय. उद्या सोयरिकीला कोन इचारील तिला?"

"आई, आज तिला श्वास घेऊ द्या. सोयरिकीचं मागाहून बघू," स्नेहल म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पंपाची पिशवी हातातून सोडलीही नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनीच निरोप धाडला, आजींना घेऊन या. गोजरा नवी साडी नेसून, भांडायच्या तयारीनं गेली. डॉक्टर वैजयंती वयानं तिच्या सुनेएवढ्या. त्यांनी गोजराला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "पोर रात्री तुमच्याजवळ असते ना आजी? मग माझ्या अर्ध्या नर्स तुम्हीच." इथेच गोजराची अर्धी लढाई संपली.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. मुलीच्या छातीतल्या श्वासाच्या वाटांना आतून सूज आहे, रात्री ती सूज जास्त त्रास देते. हा रोजचा पंप सूज उतरवतो, पण हळूहळू. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचा नाही, आणि घेतल्यावर चूळ भरायची. हा निळा पंप फक्त धाप लागली तर. आणि दोन्ही थेट तोंडात मारायचे नाहीत. त्यांनी एक पारदर्शक प्लास्टिकची जाड नळी पुढे केली. "ह्याला स्पेसर म्हणतात. पंप दाबला की औषधाचं धुकं ह्यात थांबतं. पोर तिच्या सवडीनं ते ओढून घेते. नळी स्वच्छ ठेवायची, धुवायची."

ते शेवटचं वाक्य गोजरानं पदराला गाठ मारून घरी आणलं. पंपाची सवय, सोयरीक, सगळं ती विसरली असं नाही. पण डॉक्टरनं आपल्यावर काम सोपवलंय म्हटल्यावर तिला मागे हटणं माहीत नव्हतं.

मे महिन्यात स्नेहलच्या भावाचं लग्न होतं. मायलेकी सुट्टीभर तळवलीला राहिल्या आणि पंपाची खरी सुरुवात तिथंच झाली. फोनवर रोज खबर यायची. आधी खोकला कमी झाला, मग शिट्टी बंद झाली, मग भाविका रात्रभर झोपू लागली. गोजरानं देवाजवळ नारळ फोडला. तिच्या मनात एवढंच आलं की हे सगळं विहीणबाईंच्या घरी का व्हावं, आपल्या घरी का नाही?

जूनमध्ये शाळेसाठी मायलेकी परत आल्या, आणि नळीचा ताबा गोजरानं घेतला.

स्नेहल महापेच्या एका कंपनीत हिशेब बघायची; सकाळचा पंप देऊन निघायची, संध्याकाळी घरी यायला तिला उशीर व्हायचा. ती आली की हातपाय धुऊन पंप दाबायची, तेवढं तिचं काम. पण ती यायच्या आत नळी तयार पाहिजे. गोजरा नळी धुवायची आणि मग पुसायला बसायची. त्यासाठी तिनं खास फडकं काढलं होतं. हरेशच्या बारशाला घेतलेल्या मोरपंखी नायलॉनच्या पातळाचा मऊसूत तुकडा. बोटाला गुंडाळून आतून, मग बाहेरून, उजेडाकडे धरून बघायचं, पुन्हा पुसायचं. शेवटी ती नळी अशी लखलखायची की कमळाकर ओसरीवरून म्हणायचा, "पोरीला औषिद देतेस का होडी धाडतेस?"

"तुमी गप ऱ्हावा," गोजरा म्हणायची, पण गालात हसायची.

भाविका शेजारीच बसलेली असायची. नळी पुसून झाली की ती हातात घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत वरच्या वर फिरवायची आणि खिदळायची, "आजी, गुदगुल्या होतात!" आपल्या केसांजवळ धरायची, तर दोनचार केस उठून नळीकडे यायचे. गोजराला वाटायचं, पोर खेळतेय, खेळू दे. औषधाशी तिची दोस्ती झाली तर बरंच आहे.

आणि जुलै उजाडायच्या आत खोकला परत आला.

आधी वाटलं हवा बदलली. मग स्नेहलनं पाहिलं की शनिवार-रविवार माहेरी गेलं की पोर शांत झोपते, आणि करावेला आल्यावर दोनचार दिवसांत पुन्हा शिट्टी. एकदा नाही, तीन-चार खेपा असंच झालं. पोर तीच, पंप तोच, आई तीच. मग फरक कशात?

"घरात," स्नेहल म्हणाली.

सगळ्यांत आधी माळ्यावरची सुकी मासळी निघाली. गोजरा दरवर्षी गच्चीवर सोडे नि बोंबील सुकवून डब्यात भरून ठेवायची, वास जिन्यापर्यंत यायचा. तिनं ते डबे नणंदेकडे पोचवले. मग देवापुढचा धूप बंद झाला. मग कमळाकरची बिडी. डॉक्टरांनी धूर कुठलाच नको असं सांगितलंच होतं, पण म्हातारा मागच्या दारी लपून ओढायचा, तीही सुटली. जुन्या भिंतीला ओल होती, हरेशनं तिला रंग काढला. गाद्या उन्हात पडल्या, भाविकाचं कापसाचं अस्वल पोत्यात गेलं.

"मना बिडी नाय, हिला सुकट नाय, देवाला धूप नाय," कमळाकर म्हणाला. "आता मानसं काढा येक येक."

ते तो गमतीनं बोलला, पण गोजरानं उठून नळी पुन्हा एकदा पुसायला घेतली.

ऑगस्टमध्ये ती रात्र आली. गोजरा नेहमीच्या शिट्टीनं जागी झाली, पण त्या रात्री शिट्टी मोठी होत होत एकदम बारीक झाली. पोरीच्या गळ्याखालची खळगी श्वासागणिक आत जात होती. स्नेहल धावत आली. संध्याकाळी पुसून फडक्यात गुंडाळलेली नळी गोजरानं तिच्या हातात दिली, तिनं निळा पंप लावला, दाबला, पोरीनं ओढला, थांबून पुन्हा. थोडा उतार वाटला, पण तेवढाच. "आई, झोपू दे ना," भाविका तुटक तुटक म्हणाली. हरेशनं तिला उचललं आणि नेरूळच्या दवाखान्यात नेलं. तिथं मशीनवर औषधाची वाफ दिली, प्राणवायू लावला, आणि पहाटे तिच्या गालांवर रंग आला. गोजरा बाकावर बसून होती. हात मोकळे होते, म्हणून पदराच्या टोकानं बाकाची कड पुसत बसली होती.

घरी आल्यावर स्नेहलनं चहा केला, सगळ्यांना दिला आणि उभ्या उभ्याच बोलली.

"आई, बाबा, मला कुणाला दुखवायचं नाहीय. पण गणपती झाले की मी भाविकाला घेऊन तळवलीला राहायला जाते. दिवाळीनंतर शाळा पण तिकडची बघते. तिथं ती झोपते. मला बाकी काही कळत नाही."

"आणि मी?" हरेश म्हणाला.

"तू ये. दुकान संपलं की ये."

"म्हंजे पोरगा घरजावई," कमळाकर पुटपुटला. गोजरानं कप उचलले आणि मोरीत नेले. सुनेचा तिला राग आला नाही. त्या जागी ती असती तर तिनंही हेच केलं असतं. फक्त हे घर, जिथं तिनं सासूचा शेवटचा श्वास पाहिला आणि पोराचा पहिला, ते घर पोरीला बाधतं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि रात्री कुशीत पोर नसणार, हे तर मुळीच नाही.

गणपतीच्या आठवडाभर आधी कमळाकरनं माळ्यावरून मागच्या वर्षीचं थर्माकोलचं मखर खाली काढलं. बंदी आली होती, ते लावता येणार नव्हतं. टाकायचं तर अख्खं कुठं टाकणार? म्हणून अंगणात तोडायला बसला, आणि पांढरे कण जिकडेतिकडे उडाले. ओसरीवर, पायपुसण्यावर, कमळाकरच्या मिशीत.

गोजरा दाराशी नळी पुसून नुकतीच उठत होती. भाविकानं ती तिच्या हातातून घेतली. "आजी, जादू बघ!" म्हणून कणांवर धरली, आणि कण टणाटण उड्या मारत नळीला येऊन चिकटले. काही तर उघड्या तोंडातून आत शिरून आतल्या भिंतीला बसले. पोरीनं नळी झटकली. पडेनात. फुंकर मारली. तरी पडेनात.

"बघ! सोडतच नाहीत!"

गोजरा बघत राहिली. तिला आठवलं, स्नेहल पंप दाबते तेव्हा नळीत पांढरं धुकं दिसतं आणि बघता बघता भिंतीवर जाऊन बसतं. तिला वाटायचं, असंच असेल. ते भिंतीवरचं पांढरं तर ती दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावून पुसत होती.

कण एवढा मोठा असून सुटत नाही. मग औषधाचं धुकं भिंत सोडून पोरीकडे कसं जाईल?

तिनं नळीतला एक एक कण वेचून काढला. रात्रीचा पंप झाल्यावर तिनं नळी साबणाच्या पाण्यात बुचकळली आणि खिडकीत उभी करून ठेवली. फडकं लावलं नाही. तिच्या हाताला ते इतकं अवघड गेलं की दोनदा उठून ती खिडकीशी गेली आणि दोनदा परत आली. सकाळी नळीवर पाण्याचे पुसट डाग होते. अंगणातला चिमूटभर थर्माकोल तिनं ताटलीत घेतला, नळी वर धरली. एक कण हलला नाही. पोरीचा सकाळचा पंप झाल्यावर तिनं पातळाचा तुकडा घेतला, चार वेळा पुसलं, पुन्हा धरली. सगळी ताटली उठून नळीवर आली.

गोजरानं तो तुकडा घडी घालून बाजूला ठेवला.

कमळाकरला तिनं सांगितलं ते मागच्या दारी, तो बिडीवाचून नुसताच बसला होता तिथं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मंग आता पुसू नको. झालं. पोरगी बरी व्हईल. कोनाला कळनार हाय?"

ही वाट तिलाही दिसली होती. सरळ, सोपी वाट. पण ती म्हणाली, "मंगळवारी डागतरीनकडं जायचं हाय. हे असंच चाललं तर औषिद वाढवावं लागंल, असं ती बोललीय. पोरीच्या अंगात जास्तीचं औषिद जाईल, कशापायी? माज्या नाकापायी? नि स्नेहल तळवलीला जाईल, तितं पोरगी बरी व्हईल, नि जल्मभर सगली बोलतील का कराव्याच्या घरातच खोट होती."

"नि सांगितलंस तं बोलतील का खोट तुज्यात होती."

"व्हती ना मंग," गोजरा म्हणाली.

मंगळवारी ती स्नेहल आणि भाविकाबरोबर वाशीला गेली. दवाखान्यात गर्दी होती. आपला नंबर येईपर्यंत तिनं पिशवीतली पुडी चाचपून बघितली, पातळाच्या तुकड्यात बांधलेले थर्माकोलचे कण. आत गेल्यावर डॉक्टर वैजयंतींनी ऑगस्टमधल्या रात्रीचं सगळं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "मग आपल्याला रोजचा डोस वाढवावा लागेल."

"थांबा बाय," गोजरा म्हणाली. "आदी हे बगा."

तिनं टेबलावर पुडी सोडली, नळी काढली, मांडीवर धरून त्याच तुकड्यानं नेहमीसारखी पुसली आणि कणांवर धरली. डॉक्टरांच्या काचेच्या टेबलावर पांढरे कण उडाले.

"मी रोज पुसतंय," गोजरा म्हणाली. "तुमी बोल्लात ना स्वच्छ ठेवा. मी कंदिलाच्या काचेवानी पुसतंय, आतनं, भायेरनं. तळवलीला कोन पुसत नाय. घराचा दोष नाय तो, माजा हाय."

भाविका टेबलाखाली शिरून कण गोळा करू लागली.

डॉक्टर मागे टेकल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी आपलं कपाळ धरलं. "आजी, आणखी कुणाला सांगू नका, पण यातला अर्धा दोष माझा. धुवा म्हणून सांगितलं, पुसू नका हे सांगायला हवं होतं. प्लास्टिक घासलं की त्यात वीज भरते, कंगव्यासारखी. औषध सगळं भिंतीला जातं, पोरीपर्यंत थोडंच पोचतं. आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवायची, निथळत ठेवायची. फडकं नाही, पदर नाही, काही नाही. डाग दिसले तर दिसू द्या."

"डाग दिसले तर दिसू द्या," गोजरा मनाशी पुटपुटली. जन्मात तिला कुणी असं सांगितलं नव्हतं.

"डोस वाढवत नाही मी. महिनाभर बघू."

रिक्षात स्नेहल बाहेर बघत होती. गोजरानं ठरवलं होतं, ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. पण ती बोलली ते वेगळंच.

"मी रोज बघायचे, आई. नळी अशी चमकताना. मनात यायचं, बघा, किती करतात माझ्या पोरीसाठी. एकदासुद्धा विचारलं नाही की कशानं पुसता."

"तू हापिसातनं दमून येतीस."

"तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"नसतं चाललं," गोजरा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "सुकट परत आनू का?"

स्नेहल हसली. खूप दिवसांनी. "गच्चीवरच ठेवा. आणि धूप नको, बाबांची बिडी नको. डॉक्टर बोलल्यात ते तसंच."

"आजोबा रडतील," मधे बसलेली भाविका म्हणाली.

गणपती झाले. मखर त्या वर्षी जुन्या साड्यांचं केलं, आणि गावात त्याचं नाव झालं. तळवलीला जायचा विषय स्नेहलनं काढला नाही, कुणी आठवणही दिली नाही. तिनं बांधलेली बॅग पलंगाखाली होती ती दसऱ्याला आपोआप रिकामी झाली. भाविकाचा खोकला एका रात्रीत नाही गेला. आधी उशिरा यायला लागला, मग एक दिवसाआड, मग एखाद्या रात्री गोजरा नेहमीच्या वेळी जागी झाली तर शेजारी नुसताच मऊ, सरळ श्वास. ती तो ऐकत पडली. पुन्हा झोप लागायला तिला वेळ लागला, पण तो वेळ तिला हवाच होता.

कमळाकर चार वर्षांनी गेला, दुपारी जेवून ओसरीवर आडवा झाला तो उठलाच नाही. बिडी त्यानं पुन्हा कधी हातात धरली नाही. मात्र वास यावा म्हणून रिकामं बंडल खिशात बाळगायचा, ते अंगरखा धुताना सापडलं. हरेशनं दुकान वाढवलं, आता हाताखाली दोन पोरं आहेत. स्नेहल अजून महापेला जाते. तिच्या ऑफिसात कुणाच्याही मुलाला पंप लागला की पहिला प्रश्न तिचा असतो, नळी कोण धुतं? डॉक्टर वैजयंती नाशिकला गेल्या. जाण्याआधी त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर एक पाटी लागली होती, नळी पुसू नका म्हणून, आणि खाली कुणीतरी कंदिलाचं चित्र काढलं होतं.

भाविका नववीत आहे. शाळेच्या खो-खोच्या संघात खेळते. रोजचा पंप डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी होत होत आता अगदी थोडा राहिला आहे. निळा तिच्या दप्तरात असतो आणि मैदानावर तिच्या बाटलीशेजारी. नळीही बदलली, दोनदा. खिडकीत निथळते, तिच्यावर पाण्याचे डाग असतात.

गोजराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सोयरिकीचं ती आता बोलत नाही. नात रात्री स्वतःच्या खोलीत निजते, पण दार उघडं ठेवते, कारण आजीला ऐकू यायला हवं. आणि तो मोरपंखी तुकडा? तिन्हीसांजेला गोजरा कपाटातून कंदिलाची जुनी काच काढते, ओसरीवर बसते आणि पुसते. आतून, मग बाहेरून. तिला काय पुसायचं तेवढं पुसू द्या, असं भाविकानं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.